दोनशेचा प्लॅन, अठराचा वेग: घरातलं इंटरनेट नेमकं कुठे अडतं?

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमचं घर जुनं, चिऱ्यांचं, मध्ये राजांगण. फायबरचा २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय. राउटर बाहेरच्या सोप्यात आहे. मोबाईलवर स्पीड टेस्ट केली तर राउटरजवळ ९४ येतात, मागच्या खोलीत १८. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम त्याच मागच्या खोलीत बसून करतो. मोठी फाईल उतरवताना त्याला लॅपटॉपवर 'दीड एमबी' दिसतो, आणि रात्री नवाच्या सुमारास तोही नाही. केबलवाला येऊन बघून गेला, आमच्या बाजूने सगळं ओके म्हणाला. आता राउटर बदलू, प्लॅन वाढवू की कंपनीच बदलू?"

ताई, तूर्त यातलं काहीच करू नका. प्लॅन वाढवून तर मुळीच उपयोग नाही. आज २०० चे ९४ मिळतात, उद्या ५०० चेही ९४च मिळतील. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे. ९४, १८ आणि रात्रीचे नऊ ही तीन निरनिराळी दुखणी आहेत आणि ती तीन निरनिराळ्या जागी आहेत. एकाच राउटरला दोष देऊन तो बदलला तर त्यातलं एखादं बरं होईल, बाकीची तशीच राहतील, आणि तुम्ही म्हणाल नवीन राउटरसुद्धा भिकार निघाला. केबलवाला खोटं बोलला असंही मी म्हणणार नाही. त्याने त्याच्या डब्यापर्यंत बघितलं. डब्याच्या पुढे घरात काय चाललंय ते बघण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही.

आधी त्या दीड एमबीचं. प्लॅन मोजतात मेगाबिटमध्ये, ब्राउझर दाखवतो मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे तुमचा २०० चा प्लॅन पुरेपूर चालला तरी डाउनलोडच्या खिडकीत २५ च्या वर आकडा दिसायचा नाही. दीड एमबी म्हणजे १२ मेगाबिट. मागच्या खोलीतले तुमचे १८ म्हणजे सव्वादोन एमबी. तेव्हा मुलाला जे दिसतं आणि तुम्हाला जे दिसतं त्यात फार फरक नाही. बऱ्याच लोकांची तक्रार या हिशेबापाशीच मिटते. तुमची मिटत नाही, कारण २५ च्या जागी दीड म्हणजे कुठेतरी खरोखरच पाणी मुरतंय.

आता ९४. स्पीड टेस्टमध्ये ९४ बघितलं की मी थेट वायरींकडे जातो, राउटरच्या सेटिंग्ज उघडतसुद्धा नाही. ईथरनेटची, म्हणजे वायरीवरच्या नेटवर्कची, जुनी पिढी १०० मेगाबिटची, नवी १००० ची. १०० च्या पोर्टमधून जाताना माहितीच्या प्रत्येक पॅकेटबरोबरचा पत्ता-बित्ता वजा केला की हातात ९४-९५ उरतात, त्यापुढे काकणभरही नाही. हवेतल्या वाय-फायचा वेग कायम खालीवर होतो: ८८, १३१, १०२, ७६. पण टेस्ट कधीही करा, ९३, ९४, ९४ असा आकडा तिथल्या तिथे थांबत असेल तर वाटेत कुठेतरी १०० चा अडसर आहे हे लिहून घ्या.

तो अडसर तीनपैकी एका ठिकाणी सापडतो. पहिली जागा ओएनटी, म्हणजे फायबर ज्यात शिरते तो डबा. आपल्याकडे स्थानिक केबलवाले जे स्वस्त ओएनटी लावतात त्यांत अनेकदा एकच पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० चा, असतो आणि बाकीचे १०० चे. वायर चुकीच्या भोकात घातली की झालं. दुसरी जागा तुमच्या राउटरचा वॅन पोर्ट, म्हणजे ओएनटीकडून येणारी वायर ज्यात जाते तो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० छापलेलं असतं, पण ती ३०० आणि ८६७ ची बेरीज असते, म्हणजे वाय-फायच्या दोन्ही बँडच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) हवेतल्या कागदी वेगांची. मागच्या बाजूचे पोर्ट मात्र १०० चेच. १२०० चा राउटर घेऊन त्याच्या तोंडाशी १०० चा नळ बसवायचा, हा धंदा या कंपन्या उघडपणे करतात आणि गिऱ्हाईक खोक्याच्या कडेचं बारीक लिखाण वाचत नाही.

तिसरी जागा वायर स्वतः, आणि गोव्यात माझा पहिला संशय हिच्यावरच असतो. ओएनटी आणि राउटर यांच्यामधली वायर काढा आणि तिचं प्लास्टिकचं डोकं उजेडात धरा. आत आठ सोनेरी पात्या ओळीने दिसतील. मांद्रे-मोरजीकडच्या खाऱ्या वाऱ्यात किंवा तुमच्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत यातली एखादी पाती काळी पडते, कधी तिच्या मुळाशी हिरवा कळंक चढतो. आता गंमत बघा. १०० चा वेग चालायला आठपैकी चारच तारा लागतात, १-२ आणि ३-६ या जोड्या. १००० साठी आठही लागतात. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी मेली तर इंटरनेट बंद पडत नाही. बहुतेक यंत्रं निमूटपणे १०० वर उतरतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. कॅमेरे बसवणारे तर एकच वायर चिरून चार तारांवर कॅमेरा आणि चारांवर इंटरनेट चालवतात. काम चालतं, पण गिगाबिटचा विषय संपतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त वायरीसुद्धा बाजारात ढीगभर आहेत. त्या वाकवल्या की आत तुटतात आणि बाहेरून धड दिसतात.

याची परीक्षा फुकट होते. मुलाचा लॅपटॉप वायरने राउटरला जोडा, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग ईथरनेट, तिथे 'लिंक स्पीड' बघा. १००/१०० दिसलं तर वायर बदलून बघा, मग पोर्ट बदलून बघा. लॅपटॉपचा स्वतःचा पोर्ट १०० चा नाही ना, एवढी खात्री आधी करा. हीच परीक्षा लॅपटॉप थेट ओएनटीला जोडून करा. ओएनटीपाशी १००० आणि राउटरपाशी १०० असेल तर चोर सापडला. कॅट-६ ची तयार पॅचकॉर्ड दोन-तीनशे रुपयांच्या आत येते. हाताने प्लग ठोकून देणाऱ्यापेक्षा कारखान्यात बनलेली घ्या.

मागच्या खोलीतल्या १८ चं प्रकरण जरा लांबचं आहे, कारण तिथे तुमचं घरच आड येतं. चिरा हा वाय-फायचा वैरी. फूट-दीड फूट जाडीची भिंत, दगडात लोह, अंगाला भोकं भोकं, आणि पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो. ओल्या भिंतीतून रेडिओलहर जाताना जास्त मार खाते. त्यामुळे मे महिन्यात ज्या खोलीत बरं चालायचं तिथे जुलैत रडारड सुरू होते आणि लोक पावसाने केबल खराब झाली म्हणतात. सोप्यातून तुमच्या मागच्या खोलीपर्यंत अशा निदान तीन भिंती असणार. तिथे ५ गिगाहर्ट्झ पोचतच नाही, फोन गुपचूप २.४ वर येतो, आणि २.४ वर दोन-तीन चिरेबंदी भिंतींपलीकडे १८ येणं हे खरं तर राउटरने बरंच काम केल्याचं लक्षण आहे.

या दोन बँडांचं व्यवहारातलं गणित असं. २.४ वर साधा फोन अगदी राउटरशेजारी ठेवला तरी ५०-६० च्या आसपास दम लागतो. ५ वर त्याच जागी ३००-४०० सहज मिळतात, पण भिंत मध्ये आली की ५ चा जीव आधी जातो. वाड्यावर शेजार लांब असतो, तेव्हा तुमच्याकडे २.४ वर गर्दी फारशी नसेल. ताळगाव किंवा पर्वरीच्या फ्लॅटमध्ये मी एका जागी उभा राहून वीस-पंचवीस नेटवर्क मोजू शकतो, आणि तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी सर्वांत मोकळा निवडून रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली की फरक पडतो. या तिघांच्या अधलेमधले चॅनेल एकमेकांवर चढतात, तेव्हा ३ किंवा ८ निवडण्याचा शहाणपणा कोणी करू नये. तुमच्या घरात चॅनेल बदलून काही हाती लागणार नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वाय-फायची हवा सगळ्यांना मिळून एकच असते. रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीसारखं समजा: बोट पलीकडे असेपर्यंत अलीकडच्याने उभं राहायचं, आणि चढणाऱ्यांत एखादा सामान घेऊन रेंगाळला की मागचे सगळे खोळंबतात. मागच्या खोलीतला जुना फोन कमकुवत सिग्नलवर एक व्हिडिओ बघत असेल तर तो तेवढ्याच माहितीसाठी कितीतरी जास्त वेळ हवा अडवतो, आणि सोप्यात राउटरच्या मांडीवर बसलेल्या माणसाचाही वेग पडतो. म्हणून मागच्या खोलीची दुरुस्ती ही फक्त मागच्या खोलीची नसते.

उपाय दोन. फुकटातला आधी: राउटर सोप्यातल्या कोपऱ्यातून, टीव्हीच्या मागून आणि लोखंडी कपाटाच्या शेजारून उचला आणि राजांगणाकडे उघडणाऱ्या खिडकीशी उंचावर ठेवा. राजांगण उघडं आहे, तिथे भिंत नाही. सिग्नल मोकळ्या हवेतून पलीकडच्या खिडकीत शिरला तर तीनऐवजी एकच भिंत, नाहीतर नुसतं दार, त्याला ओलांडायचं राहतं. जुन्या घरांत मी हे आवर्जून करून बघतो. खिडकीशी पागोळ्यांचं पाणी उडणार नाही एवढं मात्र बघा.

दुसरा, कायमचा: मागच्या खोलीपर्यंत वायर न्या आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. घरात अडगळीत पडलेला जुना राउटरही चालेल, त्याचा मोड बदलून 'एपी' करा, नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखाच ठेवा. वायर कौलांखालून वाशांच्या कडेने न्यायची, पण पीव्हीसी पाइपातून, नाहीतर पहिल्या पावसातच उंदीर तिचा फडशा पाडतात. विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका. राजांगणातून उघड्यावरून न्यायची असेल तर काळ्या जाड आवरणाची बाहेरची वायर घ्या, घरातली साधी वायर उन्हात दोन वर्षांत तडकते. आणि घरापासून सुटा मांगर किंवा आउटहाऊस असेल तर तिथवर तांब्याची वायर ओढू नका, फायबर ओढा. मे महिन्यात वळवाच्या आणि ऑक्टोबरात परतीच्या विजा पडतात तेव्हा तांब्याच्या लांब वायरीवरून दोन्ही टोकांची यंत्रं एकदम जातात.

दुकानदार तुम्हाला रिपीटर, म्हणजे सिग्नल झेलून पुढे फेकणारा डबा, देऊ करील. घेऊ नका. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग तिथेच निम्मा होतो, आणि तो लोक नेमका मागच्या खोलीत लावतात, जिथे त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही. मेशचे, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या दोन-तीन राउटरचे, महागडे संच वाईट नसतात, पण चिरेबंदी घरात तेसुद्धा वायरीने एकमेकांना जोडले तरच पैसे वसूल होतात.

आता डब्याच्या पलीकडची, म्हणजे केबलवाल्याची बाजू. ओएनटीच्या पानावर, त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत गेलात की, 'ऑप्टिकल' किंवा 'पॉन' नावाखाली आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून डब्यापर्यंत पोचणारा उजेड, दिसते. ती उणे अंकात असते: उणे १९, उणे २३. उणे जितकं जास्त, उजेड तितका कमी, आणि दर ३ डेसिबलला उजेड निम्मा होतो. घरोघरी ज्या प्रकारचं जीपॉन फायबर आहे, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटलेलं, त्यात ओएनटी उणे ८ ते साधारण उणे २७ पर्यंत काम करतो. उणे २० च्या आसपास असेल तर विसरून जा. उणे २५ च्या खाली गेलं असेल तर पावसाळ्यासाठी शिल्लक काही उरली नाही असं समजा.

एक गैरसमज टेक्निशियन लोकांतही आहे, की उजेड थोडा कमी म्हणजे वेग थोडा कमी. तसं होत नाही. उणे १७ ला आणि उणे २४ ला वेग सारखाच मिळतो. मर्यादेशी आलं की मात्र चुका सुरू होतात, पॅकेट गळतात, वेग एकदम कोसळतो, आणि आणखी थोडं पडलं की लाल दिवा लागून सगळंच बंद. म्हणून फायबरची तक्रार 'हळू' यापेक्षा 'येतं-जातं' अशी असते.

माशेलजवळच्या एका घरात नेट पाऊस आला की जायचं आणि ऊन पडलं की परत यायचं. खांबावरचा जोड तीनदा बदलून झाला होता. मी गेलो तेव्हा मीटर उणे २१ दाखवत होता, म्हणजे सगळं आलबेल. तेवढ्यात सर आली आणि घरच्या वहिनींनी उठून खिडकी लावली. मीटर उणे २९ वर. फायबरची चपटी तार खिडकीच्या चौकटीतून आत घेतली होती आणि झडप बरोबर तिच्यावर बसत होती. पावसाचा संबंध एवढाच, की पाऊस आला की खिडकी लागायची. तार दोन बोटं बाजूला घेऊन भिंतीला भोक पाडलं, काम संपलं. तार दाबली किंवा कोपऱ्यात काटकोनात वळवली की आतला उजेड वळणावर बाहेर सांडतो, आणि डाउनलोडचा उजेड लांब तरंगलांबीचा, १४९० नॅनोमीटरचा, असल्याने तो अपलोडच्या १३१० पेक्षा जास्त सांडतो. म्हणून घराभोवती एक फेरी मारा: तार कुठे खिळ्याखाली चेपली आहे का, माडाची चुडत पडून ताणली आहे का, कुळागरातून येताना पोफळीच्या खोडाला कोणी सुतळीने आवळली आहे का. ओएनटीत शिरणारं हिरवं टोक स्वतः काढून पुसू नका, आणि त्याच्या आत डोळा लावून तर बघूच नका. बनियनच्या टोकाने ते पुसणारे टेक्निशियन मी बघितले आहेत. त्यांनाही तसं करू देऊ नका, त्याचा वेगळा क्लीनर मिळतो.

राहिले रात्रीचे नऊ. ही परीक्षा वायरीनेच करायची, वाय-फायवर केलेल्या टेस्टचा या बाबतीत काही उपयोग नाही. लॅपटॉप वायरने जोडा, सकाळी सहाला एकदा आणि रात्री साडेनऊला एकदा, असं तीन-चार दिवस करा. टेस्ट करताना सर्व्हर केबलवाल्याच्या स्वतःच्या नावाचा निवडू नका. तो त्याच्याच ऑफिसात असतो, तिथवर रस्ता नेहमी मोकळाच. मुंबईचा, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडा. जोडीला फास्ट डॉट कॉमवरही बघा, ती टेस्ट नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून माहिती ओढते. सकाळी १९० आणि रात्री ४० असं दिसलं तर दुखणं घरात नाही. जीपॉनच्या एका पोर्टमध्ये सुमारे अडीच गिगाबिट असतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात. पण तो पोर्ट सहसा भरत नाही. भरतो तो केबलवाल्याने वरून विकत घेतलेला बँडविड्थ. गिऱ्हाईकं दुप्पट झाली, वरची लाइन तेवढीच राहिली. चवथीच्या दिवसांत मुंबई-पुण्याची सगळी मंडळी गावात आली, आरत्या आटोपल्या आणि सगळे मोबाईल घेऊन बसले की हे हमखास दिसतं.

यूट्यूब झकास आणि मुलाची फाईल मात्र रांगत, असं असेल तर गोंधळू नका. यूट्यूब, नेटफ्लिक्स यांचे साठे बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या नेटवर्कात ठेवलेले असतात, त्यामुळे ते जवळून येतं. मुलाची फाईल पुण्याच्या ऑफिसातून, तीही व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसच्या खासगी जोडणीवरून, येत असेल, तर तिथल्या लाइनवर शंभर माणसं लटकलेली असतात. व्हीपीएन बंद करून दुसरी एखादी मोठी फाईल उतरवून बघायला सांगा. ती पळाली तर त्याने आपल्या आयटीवाल्यांना फोन करावा. सावईवेऱ्यात कोणी त्यात काही करू शकत नाही.

नऊच्या वेळी आणखी एक बघून ठेवा. लॅपटॉपवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून आधी राउटरला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघा, पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, मग १.१.१.१ या बाहेरच्या पत्त्याला. वायरीवरून राउटरचं उत्तर एका मिलिसेकंदात यायला हवं. बाहेरचं तुमच्या इथून वीस-तीसमध्ये आलं तर उत्तम. राउटरच उशिरा बोलत असेल तर घरात शोधा, राउटर चटकन आणि बाहेरचं उत्तर मधूनमधून गायब, तर केबलवाल्याकडे. शंभरात एक पॅकेट गळणं ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण टीसीपीच्या, म्हणजे पोच घेत घेत माहिती पाठवण्याच्या पद्धतीच्या, जुन्या हिशेबाने वीस मिलिसेकंदांच्या अंतरावर एक टक्का गळती असेल तर एका डाउनलोडला सात मेगाबिटच्या आसपासच वेग मिळतो, मग प्लॅन २०० चा असो की हजाराचा. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक धागे सोडते, म्हणून तिथे हे झाकलं जातं आणि फाईल उतरवताना उघडं पडतं.

बाकीचं भराभर सांगतो. कोणाचा फोन रात्री गॅलरीतले फोटो क्लाउडवर चढवत असेल किंवा बाहेरचे कॅमेरे क्लाउडवर चालत असतील, तर अपलोड तुंबून डाउनलोडही लंगडतं, कारण उतरणाऱ्या प्रत्येक गोष्टीची पोच वर जावी लागते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच वेग पडत असेल तर प्लॅनची डेटामर्यादा संपली का ते कंपनीच्या ॲपमध्ये बघा. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बदलून वेग दुप्पट होतो म्हणणाऱ्या व्हिडिओंवर वेळ घालवू नका, पान उघडायला किंचित फरक पडेल, फाईल उतरायला नाही. राउटर दिवसातून दोनदा आपोआप बंद-चालू होत असेल तर त्याचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर बदला. आपल्याकडच्या विजेच्या झटक्यांत आधी तोच थकतो.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी ओएनटी ते राउटर पॅचकॉर्ड आणि पोर्ट, मग राउटरची जागा, मग मागच्या खोलीची वायर. राउटर नवा घ्यायची वेळ आलीच तर खोक्यावर १२०० बघू नका, वॅन आणि लॅन पोर्ट गिगाबिट आहेत का एवढंच विचारा. हे सगळं होऊन वायरीवर सकाळी १८०-१९० आणि रात्री ४० उरले तर केबलवाल्याला फोन करा. पण 'नेट स्लो आहे' असं सांगू नका, त्यावर तो राउटर बंद करून चालू करा म्हणेल. सांगा, की वायरीवर, मुंबईच्या सर्व्हरवर, सकाळी इतके आणि रात्री इतके, आरएक्स पॉवर इतकी, पिंग इतकं गळतंय. स्क्रीनशॉट पाठवा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. नंबर असला की दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे जाता येतं. सरकारी व्याख्येवर मात्र विसंबू नका. २०२३ पासून २ एमबीपीएस मिळाले तरी ते 'ब्रॉडबँड'च ठरतं, आणि प्लॅनच्या कागदावर 'अप टू' हे दोन शब्द असतातच.

कंपनी बदलायचीच ठरली तर आधी वाड्यावर ज्याच्याकडे नवी कंपनी आहे त्याच्या घरी रात्री साडेनऊला लॅपटॉप आणि वायर घेऊन जा. पैसे वर्षाचे एकदम भरू नका, महिन्याचे भरा, आणि जुनी लाइन तो महिना चालू ठेवा. जुन्या कंपनीचा ओएनटी डिपॉझिटवर असेल तर तो परत दिल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या, नाहीतर त्या डिपॉझिटसाठी फोंड्याला खेपा घालत बसाल.